मोटर चालू, भाग बंद

इलेक्ट्रॉनिक भाग बनवणाऱ्या कंपन्या वाईट बातमी फार सभ्यपणे देतात. ई-मेल येते ती बहुधा शुक्रवारी संध्याकाळी, आमचे परचेसवाले काका डबा पिशवीत घालत असताना. सुरुवात अशी असते : 'आपण इतकी वर्षे दाखवलेल्या विश्वासाबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत.' अशी सुरुवात झाली की पुढे काहीतरी आपल्या हातून जाणार, हे ओळखावं. दुसऱ्या परिच्छेदात कळतं की आमच्या बोर्डावर मधोमध बसलेला अमुक आकड्यांचा आयसी आता 'एंड ऑफ लाइफ'ला पोचला आहे. सहा महिन्यांत शेवटची ऑर्डर द्या, बारा महिन्यांत शेवटचा माल उचला, असा साधारण या धंद्याचा आंतरराष्ट्रीय रिवाज. पर्यायी भागाचा नंबरही दिलेला असतो. तो भाग सगळ्या बाबतीत सरस असतो, फक्त त्याला आठ पाय जास्त असतात. सगळ्यात खाली, पर्यावरणाचा विचार करून ही ई-मेल छापू नये अशी विनंती असते. काका आधी ती छापतात. फाइलला लावायला कागद लागतोच.

कुपवाड असो की साताऱ्याची एमआयडीसी, शेडमध्ये ही बातमी एका वाक्यात पसरते : 'तो गेला.' कोण गेला, हे नवीन माणूस विचारतो. जुना माणूस फक्त 'किती स्टॉक आहे?' एवढंच विचारतो.

मी मूळचा साताऱ्याचा, पोटासाठी सांगलीकडे आलेला. ज्या छोट्या कारखान्यात मी डिझाइनचं काम करतो, तिथं शेतातल्या मोटरीच्या पेट्या बनतात. ज्यांनी शेती फक्त महामार्गावरून पाहिली त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीवर किंवा कृष्णेच्या काठाला मोटर असते, मोटरीला स्टार्टर असतो आणि तो लोखंडी पेटीत असतो. शेतीची लाईट दिवसातून आठेक तास येते. त्यातही एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री दोनला लाईट आली की पूर्वी माणूस बॅटरी घेऊन, साप-विंचू चुकवत बांधावरून मोटर सुरू करायला जायचा. मग 'ऑटो' आला. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. त्यानंतर मोबाईल स्टार्टर आला. शेतकरी तासगावात कुणाच्या तरी लग्नात पंगतीला बसलेला असतो आणि तिथूनच फोन लावून पाणी सोडतो. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं 'नॅनो गणेश' हे या जातीचं नावाजलेलं यंत्र. आजोबांची शेतातली पायपीट पाहून त्यांना ते सुचलं. २००९मध्ये त्याला नोकियाच्या स्पर्धेत पुरस्कार मिळाला. पुढे २०१४मध्ये नोकियाने आपला मोबाईलचा धंदाच मायक्रोसॉफ्टला देऊन टाकला. बक्षीस देणाऱ्याने दुकान बंद केलं आणि बक्षीस घेणाऱ्याची मोटर पाणी ओढतच राहिली. ही गोष्ट मी नव्या इंजिनिअरांना पहिल्याच दिवशी सांगतो. पुढचं बरंचसं शिक्षण त्यात होऊन जातं.

आमची खरी अडचण म्हणजे आमचं गिऱ्हाईक किर्लोस्करवाडीच्या शेजारी राहतं. १९१०मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर कारखाना वसवला. आता औंध सातारा जिल्ह्यात आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात, म्हणजे या प्रकरणात दोन्ही जिल्हे गुंतलेले. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराने जमीन नासते म्हणून लोक सुरुवातीला तो घ्यायला तयार नव्हते. एकदा घेतला म्हटल्यावर मात्र टिकणं म्हणजे काय, याचं या भागाचं माप कायमचं ठरून गेलं. पहिल्या महायुद्धात बाहेरून लोखंड येईनासं झालं तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांचे नांगर झाले, असं आमच्याकडे अजून अभिमानाने सांगतात. माल बंद झाल्यावर पर्यायी माल शोधण्याचं इतकं ठसठशीत उदाहरण मला कुठल्याच परदेशी पुस्तकात सापडलेलं नाही. फक्त आम्हाला तोफ वितळवून मायक्रोकंट्रोलर करता येत नाही, एवढाच काय तो फरक.

तर अशा गिऱ्हाइकाची मोटर तीस वर्षांची असते. ती दोन-तीनदा जळते, तेवढ्याच वेळा भरून आणली जाते, आणि भरणारा माणूस भाऊबंदांपैकीच असतो. त्या मोटरीला आम्ही जी पेटी देतो तिच्यातल्या मेंदूचं बाजारातलं आयुष्य सात-आठ वर्षं. पलूसचे एक आबा मला म्हणाले होते, ''मोटर माझ्या बापानं घेतली. पेटी तुमच्याकडनं घेतली. आता सांगा, भांडायचं कुनाशी?'' मी आबांना सेमीकंडक्टर उद्योगाचं अर्थकारण समजावलं. जुना भाग बनवणारी यंत्रसामग्री जुनी होते, मोबाईलवाले कोटींनी माल उचलतात, आपण शेकड्यांनी, म्हणून कंपनी जुनी लाइन बंद करून नवी टाकते. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, ''म्हंजे ऊस कमी आला म्हून कारखान्यानं गाळपच बंद केलं म्हना की.'' मी इतका वेळ घेतला होता, त्यांनी एका वाक्यात आटपलं.

भाग बंद होण्याचा सगळ्यात मोठा तमाशा सिमकार्ड बसतं त्या मॉड्यूलचा. आमच्याकडे आधी सिम ३०० होतं. ते गेलं, सिम ९०० आलं. ते जायच्या बेताला आल्यावर सिम ८०० आलं. आकडा पुढे जायचा सोडून मागे कसा आला, हे विचारायला आमच्या मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. त्यांना वाटलं मी जुना माल स्वस्तात उचलतोय. त्यातून सुटलो तोवर टूजीचीच घरघर सुरू झाली. २०१६मध्ये जिओ आलं तेच मुळी टूजीशिवाय. आमची पेटी टूजीची. तेव्हापासून आमच्या सर्व्हिस डेस्कवर एकच संवाद होत आलाय :

''सायेब, पेटी फोन उचलंना.''

''सिम कुठलं घातलंय?''

''व्हतं तेच की.''

''तेच म्हणजे?''

''पोरानं परवा जिओचं घातलंय. फुकट डेटा हाय म्हनं.''

मोटरीला रोज दीड जीबी डेटाचं काय करायचं होतं, हा प्रश्न आम्ही विचारत नाही. गिऱ्हाइकाच्या घरातल्या गोष्टीत आपण पडू नये.

आता फोरजीचं मॉड्यूल घ्यायचं, तर त्याचा आकार वेगळा, त्याला लागणारा पुरवठा वेगळा, त्याच्याशी बोलायच्या आज्ञा थोड्या वेगळ्या. 'थोड्या' म्हणजे किती, ते आमच्या सॉफ्टवेअरच्या पोरीला विचारावं. ती त्या दिवसांत कुणाशी बोलत नव्हती.

भाग जाणार हे कळलं की होते ती 'लास्ट टाइम बाय'ची मीटिंग. शेवटची खरेदी किती करायची, यासाठी बसायचं. मोठ्या कंपन्यांत यासाठी स्वतंत्र खातं असतं, त्याचं आयईसी ६२४०२ नावाचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे. आमच्याकडे एक टेबल, चार खुर्च्या आणि भडंगाची पुडी असते. हिशेब सोपा आहे : वर्षाला किती पेट्या विकतो, नवं डिझाइन व्हायला किती वर्षं, त्यात दुरुस्तीला लागणारे, त्यात फुकट जाणारे. सेल्सवाला म्हणतो, पुढच्या वर्षी खप दुप्पट होणार. तो हे दर वर्षी म्हणतो. अकाउंट्सवाले म्हणतात, एवढा पैसा अडकवायचा तर एफडी काय वाईट होती? सर्व्हिसचा पोरगा काही बोलत नाही, त्याला फक्त बंद पेट्या माहीत. मालक मला विचारतात :

''घेतलेला माल किती वर्षं पुरेल?''

''नवं डिझाइन होईपर्यंत.''

''आणि नवं डिझाइन कधी होणार?''

''हा माल संपत आला की.''

मग काका चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, ''रील तीन हजारांची आहे. त्याच्या खाली देत नाहीत.'' आणि मीटिंग संपते. दोन तास मांडलेल्या गणिताचं उत्तर कंपनीने पुठ्ठ्याच्या चकतीवर आधीच छापून ठेवलेलं असतं.

माल आला की तो ठेवायचा कुठं, हा पुढचा प्रश्न. आयसी म्हणजे काही धान्य नव्हे की कणगीत ओतलं. तो चंदेरी पिशवीत येतो, सोबत ओलावा धरणारी पुडी आणि दमट हवेत रंग बदलणारं कार्ड. पिशवी एकदा फोडली की अनेक आयसींना १६८ तासांच्या आत बोर्डावर चढवावं लागतं. राहिले तर १२५ अंशांच्या भट्टीत तासन्‌तास भाजून घ्यायचे. नाहीतर सोल्डरिंगच्या उष्णतेने आत शिरलेल्या ओलाव्याची वाफ होते आणि आयसी पोटातून तडकतो. हे नियम लिहिणारा माणूस जुलैत साताऱ्यात कधी राहिला नसावा. तिथं कपाटातल्या कपड्यांनाही पिशवी आणि पुडी लागते.

सांगलीत याच्या जोडीला कृष्णामाई. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. धोक्याची पातळी पंचेचाळीस. त्यानंतर सांगलीकर कुठलीही मोलाची वस्तू ठेवताना फुटांत बोलतो. आमचं कुपवाड उंचावर, पाणी तिथं आलं नव्हतं. तरी मालकांनी शेवटच्या खरेदीचा सगळा माल पोटमाळ्यावर चढवून घेतला. पोटमाळ्याला पत्रा. मे महिन्यात तिथं उकाडा असा, की भाजायची भट्टी वेगळी घ्यायची गरजच काय, असं काका विचारू लागले. शेवटी माल खाली आला आणि मालकांच्या केबिनमधल्या एसीखाली बसला. मालक आता जास्त करून शेडमध्ये बसतात.

एवढं करूनही २०२१ सालाने सगळ्यांना रस्त्यावर आणलं. करोनाने मागणीचा अंदाज चुकवला, फेब्रुवारीत टेक्सासमध्ये बर्फ पडून चिपचे कारखाने बंद झाले, मार्चमध्ये जपानात रेनेसासच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली. टेक्सासमध्ये थंडी पडली म्हणून आटपाडीत डाळिंबाला पाणी मिळेना, हे कुणाला सांगून पटणार? चालू असलेले, ठणठणीत भागही मिळेनासे झाले. 'बावन्न आठवडे' ही डिलिव्हरीची तारीख लोक निर्विकारपणे सांगू लागले. साध्या मायक्रोकंट्रोलरचे भाव काही पटींनी वाढले, इतके की विट्याकडच्या गलाईवाल्यांनी सोनं सोडून ते तोलायला घ्यावेत.

अशा वेळी पुण्याची तपकीर गल्ली आठवते. बुधवार पेठेतल्या त्या गर्दीत, पासोड्या विठोबाला नमस्कार करून आत शिरलं की बंद झालेला भाग बहुधा कुणाच्या तरी डब्यात सापडतो. 'ओरिजिनल आहे ना?' असं विचारायचं नसतं. विचारलं तर उत्तर 'हो'च येतं. बनावट आयसी ओळखायची एक घरगुती परीक्षा आहे. जुन्या, वापरलेल्या आयसीची पाठ घासून, वर काळा लेप देऊन नवा नंबर छापलेला असतो. अॅसिटोनमध्ये बुडवलेला कापूस त्यावर फिरवला की लेप निघून येतो आणि कापूस काळा होतो. घरात अॅसिटोन नेलपॉलिश काढायच्या बाटलीत असतं. त्या वर्षी सांगली-साताऱ्यातल्या किती गृहिणींच्या बाटल्या अचानक रिकाम्या झाल्या, याची नोंद कुठल्याही औद्योगिक अहवालात नाही.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. २००२मध्ये खुद्द नासा, स्पेस शटलच्या रॉकेटांची तपासणी करणाऱ्या यंत्रांसाठी, इंटेलचे जुने ८०८६ शोधत ई-बेवर फिरत होती. रुग्णालयांची टाकाऊ उपकरणं विकत घेऊन त्यांतून आयसी काढत होती. अंतराळात जाणाऱ्यांची ही तऱ्हा, मग आमचे काका स्वारगेटला उतरून पिशवी घेऊन चालत गेले तर काय बिघडलं?

दुसऱ्या बाजूला काही भाग मरतच नाहीत. हान्स कॅमेंझिंड यांनी सिग्नेटिक्ससाठी आखलेला ५५५ टायमर १९७२मध्ये बाजारात आला. सिग्नेटिक्स कधीच फिलिप्सच्या पोटात गेली आणि ते नावही पुसलं गेलं. कॅमेंझिंड २०१२मध्ये वारले. ५५५ आजही अनेक कंपन्या बनवतात, आणि तो सांगलीत एका चहाच्या किमतीला मिळतो. तसाच तो हिरवा, सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा डिस्प्ले. त्याच्या आत चालतो तो मेंदू हिताचीने १९८०च्या दशकात केला. आता त्याच्या नकला चालतात, नकलांच्याही नकला चालतात. इंजिनिअरिंगच्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये त्यावर 'वेलकम' उमटतं आणि परीक्षकाला पेन सापडेपर्यंत तेवढंच उमटत राहतं.

८०५१ची कथा याहून मजेची. इंटेलने तो १९८०मध्ये आणला आणि २००७मध्ये बनवणं थांबवलं. पण तोवर इतरांनी परवाने घेऊन त्याची इतकी बाळं जन्माला घातली होती की बाजाराला फरक पडला नाही. कॉलेजांना तर नाहीच. नुकताच पास झालेला मुलगा मुलाखतीला आला की मी विचारतो, ''कुठला कंट्रोलर येतो?'' तो अभिमानाने म्हणतो, ''८०५१.'' लोक अभ्यासक्रमाला नावं ठेवतात. मी नाही ठेवत. ज्या मुलाला मूळ कंपनीने बंद केलेला भाग मन लावून शिकवला गेलाय, त्याला आमच्या धंद्याची निम्मी तालीम मिळालेलीच असते.

मला काळजी वाटते ती दुसऱ्या प्रकारच्या मुलाची. तो हुशार असतो. परवाच जाहीर झालेला, नखाएवढा, सगळं एकाच पोटात सामावलेला आयसी तो बोर्डावर बसवतो. बोर्ड देखणा होतो. तो भाग जगात एकच कंपनी बनवते, आणि ती कंपनी गेल्या वर्षी स्थापन झालेली असते. मी त्याला म्हणतो, ''बाळा, आपल्याकडे निवडणुकीत मोठमोठे उमेदवारही बायकोचा किंवा भावाचा डमी अर्ज भरून ठेवतात. साहेबांचा अर्ज छाननीत बाद झाला तर घराबाहेर तिकीट जाऊ नये म्हणून. तुझ्या आयसीचा डमी कुठाय?'' तो हसतो. सातारा-सांगलीत वाढलेल्या मुलाला राजकारणाचं उदाहरण लगेच कळतं, डेटाशीटमधलं नाही.

मग आम्ही बसून कामाची गोष्ट करतो. बोर्डावर एका भागाच्या जागी दोन आकारांच्या खुणा ठेवायच्या, म्हणजे हा नाही तर तो बसेल. मोबाईल मॉड्यूल मुख्य बोर्डावर चिकटवायचं नाही. वेगळ्या छोट्या पट्टीवर ठेवायचं, म्हणजे उद्या फोरजीही गेलं तर पट्टी बदलता येईल, पेटी तीच राहील. सॉफ्टवेअर असं लिहायचं की आयसी बदलला तर एक कोपरा बदलावा लागेल, घर पाडावं लागणार नाही. दहा-पंधरा वर्षं भाग देण्याची लेखी हमी काही कंपन्या देतात, त्यांची यादी पाहायची. मागणी असेतोवर बंदच करणार नाही असं म्हणणारीही एखादी आहे. आणि डेटाशीटच्या पहिल्या पानावर 'नव्या डिझाइनसाठी शिफारस नाही' असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ते वाचायचं. हे वाक्य वाचूनही तो भाग बसवणारे महाभाग मी दोन्ही जिल्ह्यांत पाहिलेत. विचारलं की म्हणतात, ''स्वस्तात मिळाला.'' मिळणारच!

माझं मत विचाराल तर शेतातल्या पेटीत शोभेचं काही नसावं. ज्या भागाविषयी परिषदेत कुणी भाषण करत नाही, जो पाच कंपन्या बनवतात आणि ज्याचा उल्लेख आला की तरुण इंजिनिअर जांभई देतात, तो भाग घ्यावा. आमच्या एका जुन्या पाणी-पातळीच्या कंट्रोलरमध्ये असलेच भाग होते. त्याला कुठलं बक्षीस मिळालं नाही. त्याची तक्रारही येत नाही. सेल्सवाल्याच्या मते तो आमचा सगळ्यात तोट्यातला माल, कारण ज्याने एकदा नेला तो पुन्हा येतच नाही.

हे वाचणाऱ्यांत कुणी शेतकरी असतील तर एक विनंती आहे. जुनी पेटी बदललीत की ती भंगारवाल्याला किलोवर घालू नका, जिथून घेतलीत तिथं परत द्या. आतला रिले, ट्रान्सफॉर्मर आणि कधी कधी तो बंद झालेला आयसीही शाबूत असतो, आणि त्याच्या जिवावर पलूस नाहीतर कोरेगावच्या कुणाची तरी पेटी अजून दोन-तीन हंगाम निघते. देताना आतलं सिम तेवढं न विसरता काढून घ्या. नाहीतर तपासायला आम्ही तिला वायर जोडतो आणि रात्री शेडमध्ये लाईट आली की 'मोटर चालू झाली' असा मेसेज तुम्हाला जातो. मग तुम्ही उठून शेतात जाता.